विजेनंतरची पंधरा रोपं

भंडाऱ्यात माझ्या नोकरीविषयी दोनच मतं होती. पहिलं, हा माणूस काहीच करत नाही. दुसरं, जे करतो ते चुकतं. दोन्ही मतं एकाच वेळी बाळगणारेही पुष्कळ होते आणि चहाच्या टपरीवर ते मला तोंडावर सांगत. मी हवामान निरीक्षक होतो. लोक मला 'हवापाणीवाले बाबू' म्हणत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली माझी बरीच वर्षं कुंपण घातलेल्या गवताच्या एका तुकड्यावर, झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीसमोर उभं राहण्यात गेली. शेजारच्या कचेरीतल्या एका नाझरला शेवटपर्यंत वाटत होतं की मी त्या पेटीत सरकारी खर्चानं मधमाश्या पाळतो. मध कधी मिळेल, असं तो अधूनमधून विचारायचाही.

माझी मोठी बहीण द्वारका लाखांदूरकडच्या दिघोरीला दिलेली. धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, वीसेक बायांची टोळी ती चालवायची. आमच्या जिल्ह्यात रोवणी म्हणजे गुडघाभर चिखल, वर मोकळं आकाश आणि ओणवी पाठ. आजूबाजूला उंच म्हणावं असं एखादं मोहाचं झाड किंवा मग या बाया. वीज पडायला ती जागा किती सोयीची, हे मला नोकरीमुळे नको इतकं ठाऊक होतं. वादळाची खबर द्वारकाबाईपर्यंत वीज पोचायच्या आधी पोचावी, एवढीच माझी या नोकरीतली खरी इच्छा होती. बढतीची इच्छा मी पहिल्या दोन वर्षांतच सोडून दिली होती.

आधी काम काय ते सांगतो. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला पेटी उघडायची. आत दोन तापमापक. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळलेली. ओला कमी दाखवतो. दोघांतला फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. मग वारा कुठून, आकाशाच्या आठ भागांपैकी किती भागांत ढग, पाऊस किती. हे सगळं पाच-पाच आकड्यांच्या गटांत कोंबायचं आणि तारघरात नेऊन द्यायचं. तिथून नागपूर, नागपूरहून आणखी पुढे, आणि थोड्याच वेळात सबंध आशिया खंडाच्या नकाशावर ठिपके उमटत. त्यातला एक ठिपका भंडाऱ्याचा, म्हणजे माझा. सैबेरियाच्या बर्फात माझ्यासारखाच कुणी बाबू त्याच घटकेला त्याची पेटी उघडत असणार, आणि त्याच्याही गावात त्याच्याविषयी दोनच मतं असणार, या विचारानं मला फार धीर येई.

हे ठिपके जोडून नागपूरचे साहेब लोक अंदाज काढत. गडगडाटी वादळाला तीन गोष्टी लागतात. खाली ओली गरम हवा, वर थंड हवा आणि खालचीला वर ढकलणारं काहीतरी निमित्त. लग्न जमायलाही साधारण एवढंच लागतं आणि तेही असंच ऐनवेळी मोडतं. झडीच्या पावसात वीज कमी असते. चार दिवस उघाड पडली, ऊन तापलं आणि दुपारी कोबीच्या गड्ड्यासारखा ढग चढायला लागला की तो खरा चांडाळ.

एकदा मी चार दिवस रजेवर गेलो. माझ्या जागी राऊत नावाचे आमचे कारकून नोंदी घेत होते. एप्रिलचा महिना, भंडारा भट्टीसारखा तापलेला. रजेवरून येतो तो नागपूरची तार टेबलावर. भंडाऱ्याची आर्द्रता शंभर टक्के, खुलासा करा. चव्वेचाळीस अंशांत शंभर टक्के! म्हणजे साऱ्या खंडात त्या दिवशी समुद्र फक्त भंडाऱ्याला होता. मी पेटी उघडली. ओल्या तापमापकाची मलमल खारीनं घरट्यासाठी पळवली होती, त्यामुळे दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवत होते.

"राऊत, तुम्हाला काही वेगळं वाटलं नाही?"

"मले दोन्हीत सारखं दिसलं, मीनं सारखं लिवलं," राऊत म्हणाले. "सरकारी कागदावर का मनानं लिवाचं?"

मी फुग्याला नवी मलमल गुंडाळली आणि नागपूरला खुलासा लिहायला बसलो. 

आता अंदाजाची भाषा. ती चार शब्दांवर चालते. तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी आणि बहुतेक सर्व ठिकाणी. हे शब्द शोधून काढणाऱ्याला माझा साष्टांग दंडवत. 'विदर्भात तुरळक ठिकाणी वीज पडेल' असं एकदा म्हटलं की ती कुठेही पडो, आपण बरोबर. जिच्या डोक्यावर पडली ती सोडून सगळ्यांचं समाधान होतं.

इशारा तारेनं जिल्ह्याला येई. जिल्ह्यातून टंकलिखित पत्रानं तहसिलीत जाई. तहसिलीतून गावात जायचा म्हणे, पण तो गावात पोचलेला पाहणारा माणूस मला भेटला नाही. असाच एक इशारा तुरळक ठिकाणी वादळाचा गेला, त्यावर एका तहसिलीतून लेखी उत्तर आलं. 'सदर तुरळक हे गाव या तालुक्याच्या दप्तरी आढळून येत नाही. तरी प्रकरण योग्य त्या तालुक्याकडे वर्ग करावे.' खाली सही, बाजूला शिक्का. वादळ येऊन गेल्याला तोवर नऊ दिवस झाले होते. मी फोन लावला, तर तिकडचा कारकून दुखावल्या आवाजात म्हणाला, "बाबू, जिल्ह्याची यादी दोनदा पाह्यली ना जी. तुमसर आहे, तिरोडा आहे, तुरळक नाई कोठीच." मी त्याला शब्दाचा अर्थ सांगितला. तो म्हणाला, "मंग असं म्हना ना, का तुमालेच मालूम नाई."

हेच अधिक सभ्यपणे मला पितळी भांड्यांच्या एका व्यापाऱ्यानं ऐकवलं होतं. मुलीचं लग्न मे महिन्यात, मांडव उघड्यावर, आणि हे मार्चमध्ये विचारायला आले. मी सांगितलं, दीड-दोन दिवसांपलीकडचं वादळ आम्हाला सांगता येत नाही. "मंग तुमच्यात न् जोशीबुवात फरक काय जी? तो त सालभराचं सांगते." मी म्हणालो, फरक एवढाच की माझं चुकलं तर मला नागपूरला खुलासा द्यावा लागतो. लग्नात मांडव उडाला. जोशीबुवांना दक्षिणा मिळाली, माझ्याशी त्या गृहस्थांनी दोन वर्षं बोलणं टाकलं.

सगळ्या जिल्ह्यात माझं ऐकणारा एकच माणूस होता. चिखल्याच्या मँगनीज खाणीतला सुरुंगाचा एक फोरमन, मूळचा तिकडचा उत्तरेचा. वीज आणि सुरुंगाची दारू यांची भेट होऊ नये, ही त्याची रोजची चिंता. पावसाळ्यात दुपारी त्याचा ट्रंक कॉल यायचा. "बाबूजी, आपका बादल किधर को निकला?" जणू ढग मीच चरायला सोडले होते. एकदा मी त्याला विचारलं, माझा अंदाज चुकला तर तू काय करतोस?

"आपका तो चुकेगाच," तो सहज म्हणाला. "हम तो गिनती करते. बिजली चमकी, गिनती चालू. तीस के अंदर गरजा, तो मेरा आदमी बाहर नहीं रहेगा."

हा हिशेब मी पुस्तकात वाचलेला होता. उजेड लगेच दिसतो, आवाज मागून चालत येतो, एका किलोमीटरला तीन सेकंद. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. दहाच्या आत आलेला ढग पुढची वीज तुमच्यावर टाकू शकतो. मी ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. हा माणूस त्यावर माणसं जगवत होता. तार नको, तहसील नको, तुरळक नको. मला वाटलं, सापडलं! त्याच वर्षी रोवणीच्या दिवसांत रजा काढून मी दिघोरीला गेलो.

बांधीत, त्या चिखलाच्या खाचरात, बाया ओळीनं वाकलेल्या होत्या. मी धुऱ्याच्या बांधावर उभा राहून व्याख्यान दिलं. द्वारकाबाईनं पाठ सरळ न करताच विचारलं, "शेकंद म्हंजे कितीक गा, नामू?"

आता आली पंचाईत. वीस बायांत घड्याळ एकीकडेही नव्हतं, आणि असतं तरी चिखलानं भरलेल्या हातानं ते कोण बघणार? मग मला एक युक्ती सुचली. स्वतःच्या हुशारीनं मी इतका खूष क्वचितच झालो असेन. या बाया दिवसभर एकामागून एक रोपं चिखलात खोवतात. मग रोपंच मोजायची! वीज चमकली की मोजायला लागा, गडगडलं की थांबा. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बांधीत उतरलो, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत स्वतः रोवलं. तीस सेकंदांत पंधरा रोपं. नियम ठरला. पंधरा रोपं लावून व्हायच्या आत गडगडलं तर बांधी सोडायची, मोहाखाली जायचं नाही, थेट शाळेच्या पक्क्या खोलीत. मी रोवत असताना बाया खूप हसल्या. मला वाटलं, माझ्या चिखलातल्या अवताराला हसतात.

नियम चालला. पहिली दोन वर्षं मोजणी सीताआजी करायची, टोळीतली सगळ्यांत म्हातारी. ती मोठ्यानं मोजायची आणि पंधराच्या आत गडगडलं की टोळी चिखलासकट शाळेकडे पळायची. शेताचे मालक कावले. मला बसस्टँडवर गाठून एकानं विचारलं, "तुमी हवापान्याचे बाबू आहा का आळशी बायांचे वकील? ढग पादला का पऊन रायल्या ना त्या!" मी म्हणालो, दोन्ही. दुसऱ्या वर्षी टोळी शाळेत बसलेली असताना शेजारच्या बांधीतला बैल विजेनं गेला. त्यानंतर मालकांची तोंडं बंद झाली. आणि माझी छाती अशी फुगली, की नागपूरच्या साहेबांना मी मनातल्या मनात नापास करून टाकलं.

तिसऱ्या वर्षी सीताआजीला दिसेनासं झालं, ती घरी बसली. मोजणी द्वारकाबाईनं स्वतःकडे घेतली.

चार दिवसांची उघाड होती. त्या संध्याकाळी मी भंडाऱ्यात साडेपाचच्या नोंदीला उभा होतो. दक्षिणेला फार लांब काळा ढग आणि त्यात उजेड लपलप करत होता. आवाज येत नव्हता. आमच्या आकड्यांच्या भाषेत यालाही आकडा आहे, तेरा. वीज दिसली, गडगडाट ऐकू आला नाही. मी तेरा लिहिलं, तार दिली आणि घरी जाऊन जेवलो.

सकाळी लाखांदूरच्या बसच्या कंडक्टरनं निरोप आणला. द्वारकाबाईची धाकटी जाऊ रेवता बांधीत विजेनं गेली होती. दोघी एकाच ओळीत, हाताच्या अंतरावर रोवत होत्या. द्वारकाबाईला चिखलात फेकल्यासारखं झालं, एवढंच. रेवताच्या मागे सहा वर्षांची एक मुलगी.

मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. द्वारकाबाई ओट्यावर बसली होती. मला बघून रडली नाही. म्हणाली, "नामू, मीनं मोजलं गा. अठरा झाले होते. पंधराच्या वर होते, म्हनून नाई उठवलं बायाले. मंग दुसरी चमकली ते थेट..."  मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाली, "तुयी घडी बराबर होती. मायाच हात खोटा निंगाला."

मी तिथेच बसलो. अठरा रोपं, म्हणजे माझ्या हिशेबानं छत्तीस सेकंद, बारा किलोमीटर. नियमानं ती बरोबर होती. मग चुकलं काय?

ते आठ दिवसांनी कळलं. धानाचे परे, ती वाढलेली रोपं, कुणाच्या सुतकासाठी थांबत नाहीत, टोळी पुन्हा बांधीत उतरली. मी धुऱ्यावर होतो. द्वारकाबाई रोवत होती आणि मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. डाव्या हातातल्या जुडीतून रोप सुटं होऊन उजव्या हातानं चिखलात जात होतं ते डोळ्यांना नीट दिसतही नव्हतं. दिघोरीत तिच्याइतका चपळ हात दुसरा नव्हता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पंधरा रोपं तिनं पंधरा सेकंदांत लावली. म्हणजे त्या दिवशीची अठरा रोपं म्हणजे अठराच सेकंद. ढग बारा किलोमीटरवर नव्हता, सहावर होता. सीताआजीचा हात थरथरता, माझ्यासारखाच मंद, म्हणून दोन वर्षं निभावलं. बाया माझ्या चिखलाला नव्हे, माझ्या वेगाला हसल्या होत्या.

आमच्याकडे प्रत्येक तापमापकाबरोबर एक कार्ड येतं. हा अमुक इतकं जास्त दाखवतो, तमुक इतकं कमी दाखवतो, तेवढी दुरुस्ती करून मगच आकडा लिहा. कार्डाशिवायचा आकडा मी आयुष्यात कधी तारेनं पाठवला नाही. खारीनं चिंधी पळवली म्हणून राऊतांना मी वर्षभर टोमणे मारले होते. आणि वीस बायांचा जीव ज्या आकड्यावर टांगला, तो मी माझ्याच कारकुनी हातावरून काढला आणि तपासलासुद्धा नाही. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी किंवा त्यानंतर कधी वाटली नाही.

मग मी काय केलं? तेव्हाच तिथे उभं राहून सांगायला हवं होतं, की बाई, आकडा माझा चुकला. तेवढी हिंमत झाली नाही. मी भंडाऱ्याला परतलो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "वरून नवीन परिपत्रक आलं आहे. मोजणी टोळीतल्या सगळ्यांत हळू हाताच्या बाईनं करायची." सरकारचं एकही परिपत्रक गावात पोचत नाही असं आयुष्यभर हिणवणारा मी, आणि गावात पोचलेलं एकमेव परिपत्रक मीच बनवलेलं. द्वारकाबाईनं ते मान खाली घालून ऐकलं. नव्यानं आलेल्या एका सुनेला मोजायला लावलं. नव्या सुनेचा हात मंद, त्यावरून तिला टोचणाऱ्या बाया आता तिच्या तोंडाकडे बघून काम करू लागल्या. त्यानंतर त्या टोळीत विजेनं कुणी गेलं नाही.

द्वारकाबाईचा हात मात्र त्या सालापासून संथ झाला. वय झालं, असं लोक म्हणाले. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती.

निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात मी दिघोरीला गेलो. ठरवूनच गेलो होतो. ती आता थकली आहे, खाटेवर बसून असते. मी सगळं सांगितलं. घड्याळ, माझा हात, पंधरा, अठरा, खोटं परिपत्रक.  तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू कागद आला म्हनला ना, तवापासून. सरकार का रोवनाऱ्या बायांच्या हातावर कागद काढते गा? तुयं तोंड पाहूनच समजलं. म्हटलं, याले नौकरी कराची आहे, रोज आभाळाकडं पाहाचं आहे. बोलून कायले याचा जीव घ्या?"

"आणि तू? तू हात कशाला संथ केलास?"

"हात चालला का रेवता आठवे." तिनं हातानंच ते बाजूला सारलं. "मायं जाऊ दे. पन तिच्या पोरीले सांग तू. तिले आताही वाटते, मोठ्या मायनं मोजाले चुकवलं म्हनून माय माई गेली. तोंडानं बोलत नाई, पन मायाकडं येत नाई. मी सांगतलं त तिले खोटं वाटन."

रेवताची मुलगी, द्वारकाबाईला मोठी माय म्हणणारी, आता शिक्षिका आहे. मी हे ज्या दिवाळी अंकासाठी लिहितो आहे, तो तिच्या शाळेच्या वाचनालयात दरवर्षी जातो, ते मी विचारून घेतलं आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला कळेल. मुली, तुझ्या मोठ्या मायनं त्या दिवशी बरोबर मोजलं. एकही रोप कमी-जास्त नाही, अठरा. पंधरा हा आकडा माझा होता.